डायनासोर कितव्या दिवशी झाले?

पत्र :

'मी भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहान मुलांचा वर्ग घेते. मागच्या महिन्यात बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय शिकवत होते. देवाने सृष्टी घडवली ते सहा दिवस फळ्यावर लिहून झाले आणि नऊ वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. "ताई, डायनासोर कितव्या दिवशी झाले?" पुढच्या वेळी सांगते म्हणाले. पुढची वेळ आली, मी विषयच टाळला. त्याच आठवड्यात कॉलेजात खडकांचं वय कसं काढतात यावरचं जर्नल मी लिहून दिलं होतं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या पानावर शंका घेतलीस तर शेवटच्या पानावर विश्वास कसा ठेवशील?" माझे बाबा रोज संध्याकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतात. त्यांच्याशी बोलायचा धीर होत नाही; पोरगी हातची गेली असं त्यांना वाटेल. मैत्रीण म्हणते, दिवस म्हणजे युग धर, सगळं जुळतं. खरंच जुळतं का? की दोन्हींतलं एक सोडावं लागणार?

– दोन वह्यांची मुलगी'

प्रिय दोन वह्यांच्या मुली,

आधी मैत्रिणीच्या तोडग्याबद्दल बोलू, कारण तोच सगळ्यांत गोड आहे. तुझ्या वयाची असताना मीही तो करून पाहिला होता. वहीच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे उत्पत्तीचे सहा दिवस, उजवीकडे विज्ञानातला क्रम. 'प्रकाश होवो' याच्या समोर 'महास्फोट' असं लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. मग पाणी, मग पाण्यातून वर आलेली कोरडी जमीन. इथवर पेन्सिल भराभर चालली.

तिसऱ्या दिवशी अडली. त्या दिवशी जमिनीवर फळझाडं येतात आणि मासे येतात पाचव्या दिवशी. तुला सांगायला नको, माशांचे जीवाश्म ५० कोटी वर्षांच्या आसपास मागे जातात आणि फुला-फळांच्या झाडांचे खात्रीचे अवशेष साधारण १३ कोटी वर्षांपासून इकडचे. पक्षी पाचव्या दिवशी, जमिनीवर चालणारे-सरपटणारे सहाव्या दिवशी. खडक सांगतात की सरपटणारे आधी आणि पक्षी त्यांच्याच एका शाखेतून नंतर. सगळ्यात मोठा खड्डा चौथ्या दिवसाचा. सूर्य झाडांच्या नंतर येतो! चोवीस तासांचा दिवस असता तर झाडांनी तेवढा वेळ कसाबसा काढला असता. दिवसाचं युग केलं की तीच झाडं लाखो वर्षं सूर्याविना उभी राहतात. अडचण मिटवायला जो तोडगा काढला, त्यानेच ती वाढवली.

'सूर्य होताच, पण दाट ढगांआड. चौथ्या दिवशी दिसू लागला' असं एक ठिगळ मिळतं. मी ते लावलंही. मग माशांसाठी दुसरं, पक्ष्यांसाठी तिसरं. शेवटी त्या पानावर शास्त्रही ओळखू येईना आणि विज्ञानही. पान फाडलं. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, जुळत नाही. आणि जुळत नाही हे बरंच आहे, असं मला आता वाटतं.

कारण विज्ञान बदलतं. तो त्याचा दोष नाही, धंदाच आहे. १८१४ मध्ये थॉमस चाल्मर्स या स्कॉटिश धर्मोपदेशकाने सुचवलं की उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये एक प्रचंड काळ दडलेला आहे. जुने खडक, जुने प्राणी सगळे तिथे घाला, मग ते पुसून सहा दिवसांत सगळं नव्याने घडलं म्हणा. त्या वेळच्या भूशास्त्राला ते पुरलं. पुढे कळलं की सगळं पुसून पुन्हा नव्याने सुरू झालं, असा कुठलाही थर पृथ्वीवर नाही. दर पिढीच्या विज्ञानाला शास्त्राचं लग्न लावून द्यायचं आणि पुढच्या पिढीने काडीमोड पाहायचा, हे किती वेळा करणार?

ही गोष्ट ज्याला सगळ्यात नीट कळली तो माणूस स्वतः धर्मगुरू होता. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र. १९२३ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९२७ मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावतं आहे असं गणिताने मांडलं, आणि १९३१ मध्ये सगळं एका 'आद्य अणू'पासून सुरू झालं असावं हा विचार पुढे ठेवला. आज आपण ज्याला महास्फोट म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या शोधात 'प्रकाश होवो'ची साक्ष पाहिली, तेव्हा खरं तर लमेत्र यांनी हरखून जायला हवं होतं. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांपासून पूर्ण अलग आहे, त्याने कुणाची श्रद्धा सिद्धही होत नाही आणि मोडतही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी दोन रकाने आखले नाहीत. सकाळी उपासना आणि दिवसा समीकरणं, दोन्ही त्यांनी जन्मभर केलं. १९६५ मध्ये महास्फोटाचा उरलेला क्षीण किरणोत्सर्ग सापडल्याचं जाहीर झालं, ती बातमी त्यांना मृत्यूच्या थोडं आधी आजारपणात कळली.

मग उत्पत्तीचा पहिला अध्याय आहे तरी काय?

फळ्यावर पुन्हा दोन रकाने आख, पण या वेळी डावीकडे पहिले तीन दिवस आणि उजवीकडे शेवटचे तीन. पहिल्या दिवशी प्रकाश आणि अंधार वेगळे होतात. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी वरचं आकाश आणि खालचं पाणी. पाचव्या दिवशी आकाशातले पक्षी आणि पाण्यातले मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन. सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. बघ कसे समोरासमोर बसले! आधी तीन घरं बांधली, मग तीन घरांत राहणारे आणले. सूर्य चौथ्या दिवशी का, हा प्रश्न वेळापत्रक म्हणून वाचलं तर डोकं फोडतो. रचना म्हणून वाचलं तर तो तिथेच असायला हवा. सगळ्या अध्यायाला ठेका आहे : देव बोलला, तसं झालं, देवाने पाहिलं की ते चांगलं आहे, संध्याकाळ झाली, सकाळ झाली. मोठ्याने म्हणण्यासाठी घडवलेला मजकूर असा असतो. प्रयोगवहीत ध्रुवपद नसतं.

आता तो मजकूर त्याच्या शेजाऱ्यांच्या शेजारी ठेव. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने यरुशलेम पाडलं आणि तिथल्या लोकांना बंदिवान करून नेलं. हा अध्याय त्याच काळात किंवा त्याच्या आसपास आजच्या रूपात आला, असं बरेच अभ्यासक मानतात. त्या परक्या शहरात सृष्टीची एक वेगळी कथा गाजत होती. १९व्या शतकात प्राचीन निनवे शहराच्या ढिगाऱ्यांतून ती कोरलेल्या मातीच्या विटा निघाल्या आणि १८७६ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी ती प्रसिद्ध केली. सात विटांची कथा. तिच्यात मार्दुक हा देव तियामत या सागरदेवतेशी लढतो, तिला मारून तिचं कलेवर दोन भागांत चिरतो आणि एका भागाचं आकाश करतो. मग एका बंडखोर देवाला मारून त्याच्या रक्तातून माणूस बनवतात. कशासाठी? देवांची कष्टाची कामं माणसांनी करावीत म्हणून.

हे ऐकून मग उत्पत्ती वाच. इथेही आरंभी अंधार आणि खोल जलाशय आहे; त्या जलाशयाचा हिब्रू शब्द 'तेहोम' हा 'तियामत'चा भाषेने दूरचा नातेवाईक. पण लढाई नाही. रक्त नाही. कुणाला मारावं लागत नाही, बोलणं पुरतं. बाबेलमध्ये सूर्य आणि चंद्र हे देव होते, त्यांची देवळं होती. या अध्यायात त्यांना नावसुद्धा दिलेलं नाही! 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती', एवढंच. दिवस-रात्र कळावी, ऋतू मोजता यावेत म्हणून वर टांगलेले दिवे. (हिब्रूत सूर्य-चंद्राला शब्द नव्हते असं नाही, होते, आणि तेच शेजारपाजारी देवांची नावं म्हणूनही चालत. लेखकाने ते मुद्दाम टाळलेले दिसतात.) आणि माणूस? त्या भागातले राजे स्वतःला देवाची प्रतिमा म्हणवून घेत. इथे ते बिरुद राजाकडून काढून सरसकट माणसाला दिलंय, नर आणि नारी दोघांनाही. शिवाय सातव्या दिवशी विश्रांती. बंदिवान लोकांना असं सांगणारा मजकूर की तुम्ही कुणाच्या हमालीसाठी घडवलेले नाही, आणि आठवड्यातला एक दिवस तुमच्या मालकाचाही नाही. खडकांचं वय सांगणं हे त्याचं काम नव्हतं. त्याचं काम याहून अवघड होतं.

या नजरेने वाचलं की आणखी एक गाठ आपोआप सुटते. दुसरा अध्याय वाचून बघ. तिथे क्रम वेगळा आहे : जमिनीवर अजून झुडूप उगवलेलं नसताना माणूस घडवला जातो, मग बाग, मग प्राणी, मग स्त्री. ज्यांनी हे दोन अध्याय एकापुढे एक ठेवले त्यांना हा फरक दिसत नव्हता, असं समजणं उद्धटपणाचं होईल. त्यांनी तो घासूनपुसून एकसारखा केला नाही, कारण तारीखवार हकीगत सांगायची हा त्यांचा हेतूच नव्हता.

तुझे वडीलधारे यावर म्हणतील, ही सगळी आजकालची पळवाट आहे, डार्विनला घाबरून काढलेली. नाही म्हण, आणि नावं सांग. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितांनी सरळ विचारलं होतं की सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस, संध्याकाळ आणि सकाळ झाली, हे कोणता समजदार माणूस शब्दशः घेईल? संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात वर्षानुवर्षं डोकं घातलं, आणि निघाले कुठे? देवाने सगळं एका क्षणात निर्मिलं, 'दिवस' हे आपले नेहमीचे दिवस नव्हेत, इथे! त्याच ग्रंथात त्यांनी एक इशारा देऊन ठेवलाय. पृथ्वी, आकाश, ग्रहतारे, प्राणी यांबद्दल अविश्वासू माणसालाही अनुभवाने पुष्कळ ठाऊक असतं. त्याच्यासमोर ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा हवाला देऊन भलतंसलतं बोलणं लाजिरवाणं आहे, कारण मग मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल आपण सांगतो ते तरी तो का मानेल? धर्मसुधारक कॅल्विन यांनी १५५४ च्या आपल्या भाष्यात, सूर्याबरोबर चंद्रालाही 'दोन मोठ्या ज्योतीं'त का धरलं, हा प्रश्न घेतला. ज्योतिर्विदांनी दाखवून दिलंय की शनी चंद्राहून मोठा आहे, हे ते मान्य करतात आणि म्हणतात, मोशेने (परंपरेने उत्पत्तीचा लेखक तोच) साध्या डोळ्यांना दिसतं तसं लिहिलं. ज्याला खगोलशास्त्र शिकायचंय त्याने दुसरीकडे जावं.

ही माणसं आपल्या सोयीची करून घेऊ नकोस मात्र. ऑगस्टीन यांनाही माणसाचा इतिहास सहा हजार वर्षांच्या आतलाच वाटत होता. त्यांच्या काळात वेगळं वाटायला कारणच नव्हतं. दिवस शब्दशः घेणारे थोर लोकही त्याच परंपरेत आहेत. मुद्दा एवढाच की शब्दशः न वाचणं हा विश्वासघात आहे, असं त्या परंपरेने कधी एकमुखाने म्हटलेलं नाही. सहा हजारांचा नेमका आकडा तर शास्त्रात कुठेच लिहिलेला नाही. तो वंशावळ्यांची बेरीज करून काढलेला. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये ती बेरीज केली आणि सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४, ऑक्टोबरच्या २३ तारखेच्या आदल्या संध्याकाळी, असा काढला. त्यांच्या हाताशी होतं त्यावरून त्यांनी केलेलं ते प्रामाणिक, कष्टाचं काम होतं. पुढे १७०१ पासून अशी वर्षं इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली आणि समासातला आकडा लोकांच्या मनात मजकुरात शिरला. समास कुठे संपतो हे पाहून घ्यायची सवय वाईट नाही.

आता 'पहिल्या पानावर शंका' या वाक्याकडे येते, कारण तुला लागलंय ते तेच. मला ते वाक्य वरवरचं वाटत नाही. त्यामागे एक खरी भीती आहे : एक धागा ओढला तर सगळं विणकाम उसवेल. पण शास्त्र म्हणजे एका ठशाचं एक पुस्तक नाही, ते पुस्तकांचं कपाट आहे. त्यात स्तोत्रं आहेत, म्हणी आहेत, पत्रं आहेत, दाखले आहेत. येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या बापाचं गाव कोणतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून तो दाखला खोटा होत नाही. लूक मात्र येशूची हकीगत सांगणारं आपलं शुभवर्तमान सुरू करताना सांगतो की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेली माहिती मी मुळापासून शोधून क्रमाने लिहितो आहे. प्रेषित पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात येशूच्या पुनरुत्थानाचे साक्षीदार मोजून दाखवतो आणि त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असंही म्हणतो. हे लेखक 'हे घडलं' असा दावा करतात. तो पटतो की नाही हे त्या दाव्याच्या बळावर ठरेल. उत्पत्तीचा पहिला अध्याय साक्षीदार पुढे करत नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजायचं, हा आग्रह शास्त्राचा नाही.

आणि ते माप हाती घेऊनही कुणी शेवटपर्यंत चालत नाही. दुसऱ्या दिवशी देव आकाश करतो, त्याला मूळ हिब्रूत 'रकिया' म्हटलंय. ठोकून पसरवलेल्या पत्र्याची कल्पना त्या शब्दाच्या मुळाशी आहे, आणि त्या रकियाच्या वर पाणी आहे. डोक्यावर घट्ट घुमट आणि घुमटावर समुद्र, असं तुझ्या मंडळीत कुणी मानत असेल असं मला वाटत नाही. म्हणजे 'त्या काळच्या लोकांना कळेल अशा भाषेत सांगितलंय' ही सूट सगळेच घेतात. मग ती कुठे संपते एवढाच वाद उरला.

काही जण म्हणतात, देवाने पृथ्वी जुनी 'दिसेल' अशी नुकतीच घडवली. फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५७ मध्ये हे गंभीरपणे मांडलं. जीवाश्मही तसेच, आधीपासून खडकात ठेवलेले. चार्ल्स किंग्सली हे स्वतः धर्मोपदेशक आणि गॉस यांचे स्नेही. देवाने खडकांवर एक प्रचंड, अनावश्यक खोटं लिहून ठेवलंय हे मला मानवत नाही, असं त्यांनी कळवलं. यावर मी आणखी काही घालत नाही. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश २५ लाख वर्षं चालून आपल्यापर्यंत येतो, अंटार्क्टिकाच्या बर्फात ८ लाख वर्षांचे थर मिळतात, १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं आणि आजही ते तिथेच, ४५४ कोटींच्या आसपास आहे. वेगवेगळ्या मोजपट्ट्या एकच सांगतात. तुझं जर्नल खोटं नाही.

इथवर सोपं होतं. खरी गाठ दिवसांची नाहीच, आदामाची, म्हणजे उत्पत्तीतल्या पहिल्या माणसाची आहे. तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही, पण वर्षभरात तू तिथे पोचशील, म्हणून आत्ताच लिहिते.

आपल्या जातीचे सर्वांत जुने सापडलेले अवशेष साधारण ३ लाख वर्षांचे आहेत. आपल्या जनुकांतली विविधता पाहता गेल्या काही लाख वर्षांत मानवी पूर्वज कधी फक्त दोघंच उरले होते, असं दिसत नाही. आकडा हजारांत होता. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. आणि आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जोडली गेल्याची खूण अजून दिसते. दुसरीकडे पौल रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात म्हणतो की एका माणसाच्या द्वारे पाप जगात आलं आणि पापाच्या द्वारे मरण. तू तर रोज हातात मरणच धरतेस. जीवाश्म म्हणजे दुसरं काय? ते माणसाच्या कितीतरी आधीचं.

यावर एकमत नाही. कुणी आदामाला देवाने निवडलेला पहिला प्रतिनिधी मानतात, एकटा पूर्वज नव्हे. कुणी त्या नावाकडे बोट दाखवतात : हिब्रूत 'आदाम' म्हणजे माणूस, आणि 'अदामा' म्हणजे माती. तो तूही आहेस, मीही आहे. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली, पण अनेक आद्य माता-पिता ही कल्पना मात्र तेव्हा नाकारली. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल उत्क्रांतीला 'नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक' म्हणाले. आदामाची गाठ तरीही राहिलीच. मरणाबद्दल मला दोन गोष्टींचा आधार वाटतो. एक, ज्या दिवशी ते मना केलेलं फळ खाशील त्या दिवशी मरशील असं आदामाला सांगितलं जातं, आणि पाचव्या अध्यायात तो ९३० वर्षं जगतो. म्हणजे ते मरण शरीर थांबण्याचं नसून दुसरं काही आहे, असं त्या कथेतच सुचवलेलं आहे. दोन, १०४वं स्तोत्र. त्यात तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि आपलं अन्न देवाजवळ मागतात, आणि कवी त्यात सृष्टीची विटंबना बघत नाही, वैभव बघतो. शिकार ही नंतरची बिघाडी आहे असं त्याला वाटत नसावं.

याने तुझी गाठ सुटेल का? अर्धी सैल होईल. उरलेली मी स्वतः अजून घेऊन फिरते. न सुटलेली गाठ खिशात असणं आणि खोटी सुटका गळ्यात असणं, यांत मी पहिलं पत्करलं.

विज्ञानाच्या बाजूलाही तुला वडीलधारे भेटतील. उत्क्रांती खरी, म्हणून देव नाही, असं ठासून सांगणारे. त्यांना ऐकून घे, पण वर्गातला एक साधा विचार विसरू नकोस. १३९व्या स्तोत्रात कवी देवाला म्हणतो, आईच्या उदरात तू मला घडवलंस. भ्रूण कसा वाढतो हे आज पेशीपेशीने माहीत आहे, आणि म्हणून ते स्तोत्र कुणी फाडलेलं नाही. ते म्हणणाऱ्या कुणी सोनोग्राफीही नाकारलेली नाही. एका बाळाबद्दल 'कसं' आणि 'कुणाचं' हे दोन्ही प्रश्न आपण विनातक्रार शेजारी ठेवतो. उत्क्रांतीबद्दलच का बिनसतं? थिओडोसियस डोब्झान्स्की हे २०व्या शतकातले मोठे उत्क्रांतिशास्त्रज्ञ ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. मानवी जनुकसंचाचा नकाशा २००३ मध्ये पुरा झाला तेव्हा त्या प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धावान ख्रिस्ती आहेत. ही नावं पुरावा म्हणून वापरू नकोस. न मानणाऱ्या थोर शास्त्रज्ञांची यादी याहून लांब निघेल. 'एकाच डोक्यात दोन्ही मावतच नाही' असं कुणी म्हणालं तर तेवढ्यापुरती ती उपयोगाची आहेत.

आता घरचं. बाबांसमोर 'मला तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय' म्हणून बसू नकोस. त्या वाक्याने कुठल्याही बापाच्या पोटात गोळा येतो. ते वाचायला बसतील तेव्हा शेजारी बस आणि ईयोबाचा ३८वा अध्याय काढायला सांग. 'मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास?' असं देव ईयोबाला विचारतो. ते वाचून झालं की त्यांना तुझं काम दाखव. एखादा खडक आण, त्यातले थर दाखव, युरेनियमचं शिसं कसं होतं आणि त्यावरून वर्षं कशी मोजतात ते सांग. मुलगी शिकते ते बापाला समजावून सांगते, यात श्रद्धा गेल्याचं काहीच नाही. दिवसांवरून वाद आपणहून काढू नकोस. ते काढतील, कारण ते वाचणारे आहेत. पहिल्या खेपेला चिडले तर चिडू दे. त्यांना पटवणं हे त्या संध्याकाळचं काम नव्हे. तुला जे कळलंय ते त्यांच्यापासून लपवायचं नाही, तेवढंच काम.

वर्गाबद्दल थोडं कडक सांगते. मंडळीने तो वर्ग विश्वासाने तुझ्या हाती दिलाय, तेव्हा पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, पाठीमागे वेगळं काही शिकवू नकोस. आधी त्यांना भेट, समोरासमोरचे दिवस कागदावर काढून दाखव आणि असं शिकवू का म्हणून विचार. 'हो' म्हणाले तर उत्तम. 'नको' म्हणाले तर दुसरा एखादा भाग शिकवायला माग. एक मात्र करू नकोस : तुला स्वतःला जे खोटं वाटतं ते मुलांना खरं म्हणून सांगू नकोस, कुणीही सांगितलं तरी. त्यांतलं एखादं दहा वर्षांनी भूशास्त्राच्या वर्गात बसेल, आणि ऑगस्टीन यांचा तो इशारा तेव्हा त्याच्या कामी येणार नाही.

राहिला तो मुलगा. त्याला उत्तर द्यायचं राहिलंय आणि तो विसरलेला नाही, लिहून ठेव. त्याला सांग की डायनासोर सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी आले आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्यांतले बहुतेक संपले, जे उरले त्यांना आपण पक्षी म्हणतो. कितव्या दिवशी, ते त्या अध्यायात लिहिलेलं नाही, कारण तो अध्याय लिहिणाऱ्यांना डायनासोर माहीतच नव्हते. पण जमिनीवर जे जे चालतं ते सगळं देवाला चांगलं वाटलं, हे त्यात लिहिलंय, आणि डायनासोर जमिनीवर चालायचे. तो हुशार दिसतो, तेव्हा लगेच पुढचा प्रश्न टाकेल : दुसऱ्या अध्यायात आदाम सगळ्या प्राण्यांना नावं देतो, मग यांना का नाही दिलं? (नावं ठेवायचं काम पुढे आपण सगळ्यांनीच मनापासून उचललं, ते सोड.) त्याला सांग, उशिरा का होईना, दिलं. १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी. आणि अजून दर वर्षी खडकांतून नवे निघतात, त्यांना नावं द्यायचं काम चालूच आहे. ताई तेच शिकते आहे.

बाबा काय म्हणाले ते कळव.